पाठीवरचं धिरडं

"वैनी, पोरीच्या पाटीवर धिरडं घातलंसा का न्हाई?" माझ्या पोटऱ्या चोळता चोळता हौसाबाईंनी विचारलं.

मला झोप येत होती. बाळंतिणीच्या खोलीत दुसरं येतं तरी काय! बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशोपा, त्यांचा धूर, आणि खिडकीबाहेर धरणावरून चढून आलेलं धुकं. आमची कॉलनी धरणाच्या वर, डोंगराच्या उतारावर होती. मार्गशीर्षात उन्हं चढेपर्यंत समोरचं क्वार्टर दिसायचं नाही. दाराच्या फटीतून धुकं आत यायचं, आतला धूर बाहेर निघायचा, आणि उंबऱ्यापाशी दोघांची गाठ पडायची. मी अर्धा दिवस त्या गाठीकडे बघत पडून असायची.

"कसलं धिरडं?" चित्रानं विचारलं.

ती खाली सतरंजीवर बसून बाळाच्या कुंचीला गोंडे लावत होती. आठ वर्षांची पोर, पण हात बाईमाणसाचा. लोकरीचा गोंडा कापून त्याची टोकं एकसारखी झाल्याशिवाय पुढचा हातात घ्यायची नाही.

"तुज्या पाटीवर भाऊ आला न्हवं?" हौसाबाई म्हणाल्या. "मग थोरल्याच्या पाटीवर गरम धिरडं टाकत्यात. आईनं टाकायचं. म्हंजे थोरलं झुरत न्हाई. धाकट्याचा भार सोसतंया."

"भाजतं?"

"न्हाई गं बाय. सोसंल असंच टाकायचं असतंय."

कोपऱ्यात कमलताई दुपट्यांच्या घड्या करत होत्या. त्या न बघताच हळू म्हणाल्या, "ते सख्ख्यांचं असतं, हौसाबाई."

हौसाबाईंनी जीभ चावली आणि माझ्या पायांवर जरा जास्तच तेल ओतलं. चित्रानं मान खाली घातली. हातातला गोंडा तिनं पुन्हा कापायला घेतला आणि तो आणखी लहान झाला.

आता या सगळ्यांची ओळख करून द्यायला हवी. माझं लग्न उशिरा झालं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, मी तर नकटीही नव्हते, तरी विघ्नं चुकली नाहीत. शेवटी झालं ते बिजवराशी. हे धरणाच्या पॉवर हाउसमध्ये पाळीवर होते, घरात सहा वर्षांची मुलगी होती. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं माझी मामी म्हणाली. कौतुकानं म्हणाली की टोचून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मला स्वतःला ते खरंच वाटलं होतं. मला मूल हवं होतं, आणि ते वेणी घालण्याइतकं मोठं होऊन माझी वाट बघत होतं.

वाट मात्र ती बघत नव्हती. चित्रा वाईट वागली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ती कशालाच नाही म्हणायची नाही. "वेणी घालू?" "चालेल." "आज भात करू?" "चालेल." तिच्या वडलांनी नवी आई आणू का विचारलं होतं, तेव्हाही ती हेच म्हणाली होती म्हणे. मला ती कशानंच हाक मारायची नाही. काही हवं असलं तर जवळ येऊन उभी राहायची आणि मी बघेपर्यंत थांबायची. मी पाठमोरी असले तर बराच वेळ थांबायची. दोन वर्षं असं चाललं होतं.

आणि कमलताई म्हणजे चित्राच्या सख्ख्या आईची, लीलाची, थोरली बहीण. लीला तापानं गेली तेव्हा चित्रा चार वर्षांची होती. ताई कराडला असायच्या. घर भरलेलं, मूल नव्हतं. माझी आई केव्हाच गेलेली, माहेरी बाळंतपण करणारं कुणी नाही, हे कळल्यावर त्या आपणहून गाडीत बसून आल्या. येताना बाळंतविडा घेऊन आल्या. झबली, टोपडी, कुंचीचं कापड, चांदीचे वाळे, डब्यात डिंकाचे लाडू. सवतीच्या बहिणीनं बाळंतपण केलेलं तुम्ही कुठं ऐकलंय? मी तरी नाही. त्या पहाटे उठून माझी अळिवाची खीर करायच्या, बाळाला अंगावर घेऊन झोपवायच्या, आणि तोंडानं एक शब्द उणा बोलायच्या नाहीत. अशा माणसाला काही नाकारायचं म्हणजे जीभ उचलत नाही.

आणि त्यांनी नेमकं तेच मागितलं होतं, जे मला द्यायचं नव्हतं.

"हेमा," दुपारी बाळ झोपल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "तुझं आता तुझं झालं. माझ्या लीलाची खूण तेवढी मला दे."

मला आधी वाटलं, एखादं लुगडं मागताहेत. लीलाची दोन लुगडी ट्रंकेत होती.

"चित्राला नेते मी," त्या म्हणाल्या. "शाळेचं बोलून ठेवलंय. तुझ्यावर माझा राग नाही, हे तुला माहीत आहे. तू तिला नीट ठेवलंस. पण आता स्वतःचं आलं. माणूस कितीही चांगलं असलं तरी हात आपसूक आपल्याकडे वळतो. तो वळायच्या आत नेते."

मी म्हटलं, "ताई, तिला विचारलंत?"

"विचारलं. चालेल म्हणाली."

ह्यांना विचारलं, तर हे उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत राहिले. पाळीवरून आले की ह्यांच्या अंगाला यंत्रांच्या तेलाचा वास यायचा आणि कानात इतका घरघराट भरलेला असायचा की घरातलं अर्धं बोलणं ह्यांना दोनदा सांगावं लागायचं. हे मात्र एकदाच ऐकू गेलं.

"कमलताईंचं बरोबर असेल," हे म्हणाले. "तिथं तिला सगळं मिळेल."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय? ती हो म्हणाली ना?"

"ती सगळ्यालाच हो म्हणते."

"म्हणजे तू नाही म्हणतेस?"

मी नाही म्हणत होते. जिवाच्या आकांतानं नाही म्हणत होते. पण कोणत्या तोंडानं म्हणणार? जिला मी दोन वर्षांत आई वाटले नाही, तिला धरून ठेवायचा हक्क माझ्याकडे कुठून येणार होता? मी कूस बदलली आणि बाळाच्या टाळूवर तेल घालत राहिले.

त्या दिवसांतलं मला सगळं धूसर आठवतं. बाळंतिणीला दिवस आणि रात्र वेगळे नसतात. डोळा लागायचा, उघडायचा, तेवढ्यात खिडकीचा रंग बदललेला असायचा. कधी धुक्यातून कुणाचा खोकला ऐकू यायचा आणि माणूस दिसायचा नाही. लीलाला मी फोटोतच पाहिलं होतं, हिरव्या काठाच्या लुगड्यात, हसू आवरून बसलेली. शेगडीचा धूर जास्त झाला की ती मला खोलीत बसलेली वाटायची. भीती नाही वाटायची. पाळण्याकडे बघत बसायची, आणि मग धूर विरला की ती बसलेली असायची त्या जागी चित्राचं दप्तर असायचं. मी कुणाला सांगितलं नाही. हौसाबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी लिंबू उतरवलं असतं.

धिरड्याचं मला माहीत होतं. आमच्याकडेही घालायचे. हौसाबाई गेल्यावर मी कमलताईंना म्हटलं, "ताई, मी घालणार होते चित्राच्या पाठीवर."

"वेडी आहेस का?" त्या खरंच घाबरल्या. "दोघंही एकाच पोटची असावी लागतात. थोरलं एकीचं, धाकटं दुसरीचं, आणि तसं धिरडं घातलं तर धाकट्याला बाधतं. आमच्या गल्लीत झालंय तसं. विषाची परीक्षा कशाला?"

अंगावर पिणारं तान्हं असलं की बाई कशालाही भिते. मी तर आरशावर पडलेल्या सावलीलाही भीत होते. चित्रा दारात उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन. मी बघेपर्यंत थांबली होती.

आमच्या घरची दुसरी एक रीत होती, त्यात कुणाला बाधण्यासारखं काही नव्हतं. धाकटं येताना थोरल्यासाठी काहीतरी घेऊन येतं. बारशाला बाळाला पाळण्यात घातलं की त्याच्या उशाखालून ते काढून थोरल्याला द्यायचं. मी जन्मले तेव्हा माझ्या दादासाठी शिट्टी आणली होती म्हणे. ती त्यानं इतकी वाजवली की मी पहिले सहा महिने दचकण्यात काढले. आई सांगायची, स्वतःच आणलीस, आता भोग.

मी ह्यांच्याकडून रंगीत खडूंची मोठी पेटी मागवून घेतली होती. बारसं झालं. शेजारच्या बायका आल्या, घुगऱ्या वाटल्या, बाळाला पाळण्याखालून-वरून दिलं-घेतलं. ह्यांना बहीण नव्हती, म्हणून कमलताईंनीच बाळाच्या कानात नाव सांगितलं. शेखर. बायकांनी त्यांच्या पाठीवर बुक्के मारले, तशी रीतच असते, आणि त्या हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग मी चित्राला पाळण्यापाशी बोलावून म्हटलं, "उशाखाली बघ. बाळानं तुझ्यासाठी काय आणलंय."

तिनं पेटी काढली. उघडली. सगळे रंग बघितले. मग झाकण लावून उलटी केली.

"हे दुकानात कधी गेलं?"

"येतानाच घेऊन आलं."

"ह्याच्यावर चिपळूणचा शिक्का आहे."

"मग चिपळूणवरून आलं असेल."

ती अगदी थोडं हसली. तिला हसताना मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "ही मावशीकडे न्यायची, की इथंच ठेवायची?"

"तुझी आहे ना. तुला हवं तिथं."

"चालेल."

ती पाळण्याची दोरी धरून उभी राहिली. बाहेर बायका चपला शोधत होत्या.

"मी गेल्यावर हा विचारेल का, कुठं गेली म्हणून?"

"विचारेल ना."

"त्याला बोलता येईपर्यंत कुणीतरी माझं नाव घेत राहायला पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर कसं विचारेल?"

मला हुंदका आला तो मी खोकल्यात घालवला. बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतं, असं सगळ्याच म्हणतात. ते ज्यानं ठरवलं त्याला बाळंतपणातलं काही कळत नसणार. मी रडले असते आणि म्हटलं असतं, जाऊ नकोस, तर पुढचं काही झालं नसतं. पण मी खोकत राहिले, आणि तिनं मला पाण्याचा तांब्या आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघी निघणार होत्या. चित्राचे फ्रॉक ताईंच्या पेटीत गेले होते. ह्यांची पाळी पहाटेची होती, त्यामुळे लेकीचा निरोप ह्यांनी ती झोपेत असतानाच घेतला. डोक्यावर हात ठेवून उभे राहिले आणि गेले. मी डोळे मिटून घेतले होते, ह्यांना मी जागी आहे हे कळू नये म्हणून.

मग मला झोप लागली असावी. धुकं त्या दिवशी फारच होतं. मध्येच ताईंचा आवाज आला, "देवळात जाऊन येते गं, जायच्या आधी. शेगडीवर खिरीचं दूध आहे, मंद आचेवर आहे, तू उठू नकोस." दार ओढून घेतल्याचा आवाज झाला. बाळ पोटाशी होतं. त्याचा श्वास माझ्या मनगटावर येत होता आणि जात होता, आणि मी त्याच्याबरोबर खाली खाली जात होते.

मग कुणीतरी डब्याचं झाकण उघडलं. पाणी ओतलं. पळी भांड्याच्या काठाला लागली. मला वाटलं, आई उठली आहे. माझी आई, माहेरच्या स्वयंपाकघरात, आणि मी आणि दादा अजून पांघरुणात. तवा ठेवला. थोड्या वेळानं चर्र झालं. गुळाचा वास आला, मग गूळ करपल्याचा. मला झोपेतच हसू आलं. आईचं कधी करपत नसे. मग वाटलं, ही आई नाही, ही लीला आहे. हिला माझ्या घरातल्या तव्याची सवय नाही, म्हणून करपतंय. करू दे. तिचंही घर आहे.

अनवाणी पावलं खोलीत आली. पाळण्यापाशी थांबली. काहीतरी सरपटल्यासारखा आवाज झाला, आणि कुणीतरी श्वास आत ओढला, दातांमधून, चटका बसल्यावर ओढतात तसा.

मी डोळे उघडले.

पाळण्याखाली चित्रा पालथी पडली होती. अंगात परकर तेवढा. हात कोपरात दुमडून कपाळाखाली घेतलेले. आणि तिच्या उघड्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध नव्हे, जरा एका बाजूला, जिथवर तिचा स्वतःचा हात पोचला असेल तिथं, एक जाडजूड, अर्धं काळं, अर्धं कच्चं धिरडं होतं. त्यातून वाफ निघत होती.

मी उठले कशी ते मला आठवत नाही. हात पुढं केला तशी ती म्हणाली, "हलवू नका. पडेल."

"चित्रा, भाजतंय ना गं?"

"थोडं."

"मग काढ ते. काढू दे मला."

"किती वेळ ठेवायचं असतं?" तिनं विचारलं. तोंड जमिनीकडेच होतं. "मला माहीत नाही, किती वेळ ते. हौसाबाईंनी सांगितलं नाही."

मी खाली बसले. टाक्यांची कळ डोक्यात गेली, पण बसले. "कुणी घालायला सांगितलं तुला?"

"कुणी नाही. घातलं नाही तर थोरलं झुरतं ना. मी कराडला जाऊन झुरले, तर मावशीला कळणार नाही कशानं ते. ती उगाच डॉक्टरकडे नेईल."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही घातलं असतं तर बाळाला बाधलं असतं." ती धीरानं, लहान मुलाला समजावावं तसं मला समजावत होती. "मी विचार केला. आईनं घातलं तर बाधतं. मीच घातलं तर कसं बाधेल? मला तर तो भाऊच आहे."

मी तिच्या पाठीवरून ते उचललं. खालची कातडी लालबुंद झाली होती. फोड नव्हता, पण गुळाचा एक थेंब चिकटला होता, तो काढताना ती कुठंही हलली नाही. मी फुंकर घालत राहिले. दोन वर्षं मी समजत होते की या पोरीला आमच्यातलं काहीच नको आहे.

दारात कमलताई उभ्या होत्या. एका हातात पूजेचं ताट, डोक्यावरून पदर, पदराला धुक्याचे थेंब. त्यांनी किती ऐकलं ते मी विचारलं नाही. त्यांच्या तोंडावरून कळत होतं की सगळं ऐकलं. त्यांनी ताट खाली ठेवलं. पुढं आल्या, चित्राच्या पाठीकडे बघितलं, माझ्या हातातला तो गोळा घेतला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मला वाटलं, रडायला गेल्या. पण थोड्या वेळानं पीठ फेटल्याचा आवाज आला. मग तवा. मग चर्र, बारीक, एकसारखं, जाळी पडते तेव्हा येतं तसं.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर धिरडं होतं. पातळ, तांबूस, कडेनं जाळीदार. ताटलीत नव्हतं आणलं, हातावरच आणलं होतं, सोसण्याइतकं होईपर्यंत.

"धर," त्या मला म्हणाल्या. "घाल तुझ्या हातानं."

"ताई, बाधेल म्हणालात ना?"

"म्हणाले होते." त्यांनी हात पुढं केला. "एवढ्या मायेनं कुणाला बाधत नाही. घाल. बाळंतिणीनंच घालायचं असतं."

मी ते चित्राच्या पाठीवर ठेवलं, लाल झालेली जागा सोडून, बरोबर मधोमध. तिचे खांदे एकदम सैल पडले. इतका वेळ तिनं श्वास धरून ठेवला होता, तो सोडला. वर बाजेवर बाळानं कुरकुर केली आणि पुन्हा गप्प झालं.

"गाडीची वेळ होईल," कमलताई म्हणाल्या. "हिचे फ्रॉक काढून घे माझ्या पेटीतून. मी जाताना विसरेन, आणि मग कराडला जाऊन बघत बसेन."

"ताई..."

"बोलू नकोस काही. बोललीस तर मी ऐकायची नाही तुझं, घेऊन जाईन." त्या भिंतीला टेकून बसल्या. पदरानं कपाळ पुसलं. बराच वेळ चित्राच्या पाठीवरच्या धिरड्याकडे बघत राहिल्या. "मला घातलं होतं," त्या म्हणाल्या. "लीलाच्या वेळी. मी पाच वर्षांची होते. सगळं विसरले बघ, तो दिवस, घर, कोण कोण आलं होतं. ऊब तेवढी आठवते. लीला असेपर्यंत कधी आठवली नव्हती. ती गेली त्या दिवशी आठवली, आणि तेव्हापासून माझ्या पाठीला सारखं गार लागतं. शाल घेतली तरी लागतं. हिला नेलं तर थांबेल असं वाटलं होतं मला."

मी दोन वर्षांत पहिल्यांदा कुणाला लीलासाठी रडताना बघत होते. आमच्या घरात तिचं नाव सगळेच जपून घ्यायचे, माझ्यासाठी. मला वाटायचं, हे माझ्यावर उपकार करताहेत. ते उपकार नव्हते. या बाईनं या घरात पाऊल टाकायच्या आधी आपल्या बहिणीचं दुःख दाराबाहेर ठेवलं होतं, आणि मग आत येऊन माझे पाय शेकले होते.

चित्रानं मान वळवली. गाल जमिनीला टेकलेला, डोळे मावशीकडे.

"मावशी."

"काय गं राणी?"

"मावशी म्हणजे आईची बहीण ना?"

"हो."

"मग ह्या तुझ्या पाठच्या ना?" तिनं हनुवटीनं मला दाखवलं. "ह्या आल्या तेव्हा तुझ्या पाठीवर घातलं होतं का?"

मी ताईंकडे बघितलं नाही, मला धीर झाला नाही. मी चित्राकडे बघत होते. ती खरंच उत्तराची वाट बघत होती.

"नाही गं," कमलताई शेवटी म्हणाल्या. "ते राहूनच गेलं."

"पीठ आहे अजून," चित्रा म्हणाली.

बाळंतिणीनं इतक्या लवकर चुलीपाशी जायचं नसतं. मी गेले. ताईंनी मला अडवलं नाही. तवा तापलेलाच होता. पळीभर पीठ घातलं, फिरवलं, जाळी पडेपर्यंत उभी राहिले. माझं थोडं वाकडं झालं, पण करपलं नाही. ताईंनी केलं होतं तसंच तळहातावर घेतलं आणि हात बदलत बदलत खोलीत आले.

कमलताई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. पदर खांद्यावरून काढून मांडीत घेतला होता, अंबाडा एका हातानं वर धरला होता, आणि त्यांची मान एखाद्या शाळेतल्या मुलीसारखी खाली होती. मी त्यांच्या मागं बसले. चोळीच्या वर, मानेखाली, जिथं पाठ उघडी होती तिथं मी ते ठेवलं आणि घसरू नये म्हणून वरून हात ठेवला.

खाली स्टँडवरून कराडच्या गाडीचा हॉर्न धुक्यातून वर आला.

"ताई, गाडी," मी म्हटलं.

"दुसरी आहे दुपारी," त्या म्हणाल्या. "हात काढू नकोस."